गोड गळा

काकूंच्या घराचा वरचा मजला पदरात पाडायचा, तर पुतण्याकडे भांडवल एकच होतं: गोड गळा. त्यावर त्यानं भल्याभल्यांना गुंडाळलं होतं, पण काकू पडल्या ठार बहिऱ्या. म्हणून त्यानंच मागे लागून त्यांना कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्याचं यंत्र, बसवायला लावलं, आणि त्याची सवय व्हावी म्हणून सहा महिने रोज समोर बसून शब्दांच्या याद्या वाचल्या. काकूंना बोलणं कळू लागलं, तसा त्यानं कागद पुढे केला.

"काकू, तुमच्या काळजीनं झोप लागत नाही हो. मजला माझ्या नावावर करा, पोटच्या मुलासारखा सांभाळीन तुम्हाला." शेवटी आवाज अगदी बेतानं कापला.

काकूंनी पेन उघडलं, मग थांबल्या.

"शब्द सगळे कळले रे. पण या यंत्रातून तू, बातम्या देणारी बाई आणि दवाखान्यातली बोलणारी लिफ्ट, तिघं सारखेच पत्र्यासारखे वाजता. गोडवा काही पोचत नाही. तो वगळला, तर तुझ्या बोलण्यात मजल्याशिवाय काही उरतच नाही."

सहा महिने गेले ते त्याचे, घसा बसला तोही त्याचाच. काकूंनी फक्त पेनाचं टोपण परत लावलं.