हुकमाआधी

जवान तिसऱ्यांदा हजेरीला उशिरा आला, तेव्हा कवायतीच्या उस्तादांनी नव्या नियमाप्रमाणे त्याला पळवण्याऐवजी बोलायला बसवलं. “फेऱ्या द्या, उस्ताद. बोलणं नको.” “आज पायांना सुट्टी, जीभ चालव.” उस्तादांनी समोरच्या फॉर्मवर मान झुकवून उशिराचं कारण विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. चिडून वर पाहिलं, तर तान्हं बाळ आईकडे बघतं तसा तो बघत होता. “खाली बघून बोललात. ओठ दिसले नाहीत.” मग हळूहळू बाहेर आलं: स्फोटांच्या सरावात कान गेले, बिगूल ऐकू येत नाही, घरी पाठवतील म्हणून लपवलं. “तरी कवायतीत पाऊल कसं चुकत नाही?” “हुकमाआधी तुमच्या गळ्याची शीर फुगते. ती बघतो.” उस्तादांचा हात गळ्याकडे गेला. वीस वर्षांत त्यांचं इतकं जिवापाड कोणी ऐकलं नव्हतं. “घरी नाही, डॉक्टरकडे चल, लेका. मीही येतो.”