वाढीचे वण

"पायऱ्यांवरून घसरली," हे वाक्य आईने दवाखान्यात येईपर्यंत मनातल्या मनात घोटून घोटून पाठ केले होते.

खेळाच्या बाईंना मुलीच्या पाठीवर लालसर आडव्या रेघा दिसल्या होत्या. पट्ट्याचे वळ असावेत असे वाटून शाळेने आईबापांना मुलीसकट इथे धाडले. आईनेही त्या रेघा आदल्या दिवशीच पहिल्यांदा पाहिल्या. कशाच्या, हे विचारायची तिला गरज वाटली नव्हती. बाप कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता.

डॉक्टरबाईंनी पाठीवरून बोट फिरवले. "यंदा उंची बरीच वाढली का गं?"

"सगळे कपडे आखूड झाले," मुलगी पुटपुटली.

"मग हे वाढीचे वण. अंग झपाट्याने वाढलं की कातडी ताणली जाते. कुणी मारल्याचे नाहीत हे. आपोआप फिके पडतील. फार रुंद, गडद जांभळे झाले किंवा वजन भराभर वाढलं, तर मात्र दाखवायला या."

आईचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तिला त्याची लाज वाटली.

बापाची मात्र छाती फुगली. "बघा! मी सांगत नव्हतो? राईचा पर्वत केला त्या बाईने. माझं नाव गेलं असतं फुकट!" खुशीत उठून त्याने लेकीच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला.

मुलगी दोन्ही हातांनी डोके झाकून मटकन खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. सवयीने बसावे तशी बसली.

"भित्री आहे जरा," तो हसला. मग बायकोकडे वळला. "सांग ना गं त्यांना."

घरी दाराला आतून कडी घालून तो ज्या आवाजात बोले, तोच हा आवाज.

"तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या.

"चल गं," म्हणत तो निघाला. आई नेहमीसारखी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. त्याने उंबरठा ओलांडला तसे तिने दार लोटले आणि आतून कडी घातली.

बाहेरून थाप पडली. मग दुसरी, जोरात.

आई मुलीशेजारी जमिनीवर बसली.

"ऊठ गं," ती म्हणाली. "आज कडी मी लावलीय."