बाईंचं विसरणं

"या कामवालीला आजच्या आज काढून टाक," बाई मुलाला म्हणाल्या. बोट सुनेकडे होतं.

चहाचा ट्रे घेऊन आलेली सून जागीच थबकली. पाहुण्यांनी माना खाली घातल्या.

"आई, ती तुझी सून आहे," मुलगा हळूच म्हणाला.

"छे. माझी सून असला पांचट चहा करणार नाही."

बाईंना सगळं आठवत होतं. मुख्याध्यापिका होत्या तेव्हा त्यांची चाहूल लागली तरी अख्खा मजला चिडीचूप व्हायचा. निवृत्तीनंतर गुडघे गेले, एक कान गेला, भेटायला येणारे एकेक करून गेले. स्वयंपाकघर सुनेकडे गेलं. जेवताना त्या काही बोलल्या, तर "हो हो" म्हणून लगेच दुसरा विषय निघायचा. एकदा मात्र सुनेचं नाव खरोखरच ओठावर येईना, तर सगळं घर भोवती गोळा झालं. तिथून बाईंनी विसरायला सुरुवात केली.

सुनेनं ते ओळखलं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, वेड पांघरून पेडगावला चालल्यात त्या. मी एकटी असले की माझ्याकडे बघून हसतात."

"जिभेला काही हाड? आजारी आहे ती," मुलगा कडाडला.

दाराआडून बाईंनी ते ऐकलं. पोटचा तो पोटचा.

आईला करमावं म्हणून मुलगा दर रविवारी कुणाला ना कुणाला बोलावू लागला. शेजारी, मामा, बाईंचे जुने विद्यार्थी. बाई प्रत्येकासमोर रंगात येत. डॉक्टरांनी आज वार कोणता विचारलं, तर बाईंनी त्यांनाच पाढे म्हणायला लावले.

एका सकाळी मुलगा म्हणाला, "आई, तपासणीला जायचंय." सूनही बरोबर निघाली. गाडी थांबली ती एका लांबट, बैठ्या इमारतीपाशी. आत ओळीनं खाटा, खाटांवर शून्यात बघणाऱ्या म्हाताऱ्या. त्यातल्या एकीवर बाईंची शाल आधीच घडी घालून ठेवलेली होती.

बाईंनी मुलाची बाही धरली. "अरे, मला सगळं आठवतं. नाटक होतं ते. हिला विचार."

"खरंच आठवतं त्यांना," सून रडत म्हणाली. "अहो, घरी नेऊ या."

परिचारिका समजुतीनं हसली. "पहिल्या दिवशी सगळेच असं म्हणतात."

शाल खांद्यावर टाकायला मुलगा वाकला आणि आईच्या कानाशी म्हणाला, "मला पहिल्यापासून माहीत आहे, आई. चार लोकांची खात्री पटायची तेवढी बाकी होती."