बॉनेटवरचं नाक

ग्राइंडरचा कर्कश आवाज ऐकून मुलगा अर्धी दाढी तशीच ठेवून अंगणात धावला, तेव्हा जीपच्या बॉनेटला तीन बाजूंनी चीर पडली होती. डोळ्यांवर गॉगल आणि कानांवर रुमाल बांधून आई चौथ्या बाजूला भिडली होती.

"आई! काय चाललंय हे?"

"बॉनेटला भोक पाडतेय. दिसत नाही?"

त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. आईने ग्राइंडर खाली ठेवला, पत्रा कापायची कात्री उचलली आणि उरलेली बाजू हाताने कापून काढली. कापलेला चौकोन आत अंथरलेल्या पोत्यावर पडला. झालं, आता अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि अकरा वाजता गाडीला गिऱ्हाईक येणार होतं.

आई गुरांची डॉक्टर. चाळीस वर्षं ह्याच जीपने तिने डोंगरावरच्या वस्त्या पालथ्या घातल्या होत्या. नोकरी संपली, पण फेऱ्या संपल्या नाहीत. वर दुसरं कुणी जातच नव्हतं. गेल्या महिन्यात चढावर इंजिन तापलं आणि अडुसष्ट वर्षांची आई भर उन्हात चार तास रस्त्याच्या कडेला बसून राहिली. फोन लागेना. त्या चार तासांत मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. ती घरी आली ती हसत हसत, आणि मग त्याचं डोकंच फिरलं. त्याने गाडीला गिऱ्हाईक शोधलं. आईला विचारलं नाही, जेवताना सांगून टाकलं.

"गाडी गेली की मी वर जायचं कसं?" एवढंच तिने विचारलं होतं.

"जायचंच कशाला आता?" तो म्हणाला होता. त्यानंतर आठवडाभर तिने त्या विषयाचं नावही काढलं नाही. समजूतदार आहे माझी आई, असं तो ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरला.

"अगं, तासा-दोन तासांत माणूस येतोय गाडी बघायला!"

"म्हणून तर घाई करतेय. तापते म्हणून विकतोयस ना? मग तापणारी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची? वरून गार वारा थेट हवेच्या फिल्टरात गेला की इंजिन थंड राहील. आता खांबासारखा उभा राहू नकोस. तोंड पूस आणि ते नाक धर."

नाक म्हणजे जुन्या कपाटाच्या दाराचा तुकडा. मधोमध ठोकून फुगवलेला, पुढून तोंड उघडं आणि त्यावर बारीक जाळी. एवढं तिने कधी ठोकून काढलं कोण जाणे. मुलाने ते निमूटपणे भोकावर धरलं. आईने बॉनेटच्या कडेपासून माप घेतलं, पुन्हा घेतलं, खडूने खुणा केल्या, छिद्रं पाडली आणि एकेक रिवेट दाबून बसवला. कडेने रबराची पट्टी लावली, तीही कुठे सुरकुती न पडता. त्याला भरून आलं. आईने अखेर मनाची तयारी केली म्हणायची. गाडीची पाठवणी तरी ती धडपणे करत होती.

अकराच्या ठोक्याला गिऱ्हाईक आलं. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पत्रा तपासायला छोटी टॉर्च. फाटकातूनच त्याने जीप पाहिली आणि तो जागच्या जागी थबकला.

"हे काय करून ठेवलंय?"

"गार हवेसाठी आहे," मुलगा कौतुकाने म्हणाला. "आईने स्वतः बनवलंय."

"अहो, मी जुन्या गाड्या जमवतो. मला ही चालवायची नाही, दालनात उभी करायचीय. पत्रा कारखान्यातून आला तसाच हवा. मंगळवारी फोन केला तेव्हा बाईंना मी दोनदा बजावलं होतं."

मुलाने आईकडे पाहिलं. ती रिवेटांची डबी बंद करण्यात गढून गेली होती. गिऱ्हाइकाने बॉनेटवरून एकवार हात फिरवला, च् च् केलं आणि चहासुद्धा न घेता आल्या पावली परत गेला.

मुलगा पायरीवर बसला. चिडावं तरी कुणावर? मंगळवारचा फोन आई साफ विसरली असणार. थोड्या वेळाने तो उठला, भोक बुजवून घेता येईल का ते बघावं म्हणून त्याने बॉनेट उघडलं आणि पोतं बाजूला ओढलं. भोकाच्या बरोब्बर खाली बॅटरी होती. इंजिनात हवा घेणारा फिल्टर पार दुसऱ्या टोकाला होता.

त्याचा राग कुठच्या कुठे पळाला.

"आई," लहान मुलाशी बोलावं तसं तो हळूच म्हणाला, "चुकलं गं तुझं. हवा फिल्टरमध्ये जायला हवी ना? फिल्टर ह्या बाजूला आहे, तू नाक बॅटरीवर बसवलंस. असू दे. होतं असं ह्या वयात."

आईने नुसती मान डोलावली असती तरी सगळं आयतं निभावलं असतं. पण 'ह्या वयात' हे दोन शब्द तिला भलतेच झोंबले. तिने हात पुसले आणि बॉनेट धाडकन बंद केलं.

"तो फिल्टर तुझ्या जन्माआधीपासून मी साफ करतेय. गाडी तापत होती ती पाण्याचा पाइप चिरला होता म्हणून, आणि तो मी सोमवारीच बदलला. भोक फिल्टरवर पाडलं असतं तर पावसाचं पाणी इंजिनात गेलं असतं. मग उद्या वर काय चालत जाऊ?"