आत शेवटी, उजवीकडे

काका उभे राहिले आणि त्यांचं फ्रेंच खाली बसलं.

तोंडी परीक्षा होती. दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, सताड उघड्या खिडक्या आणि समोर फ्रेंच शिकवणाऱ्या बाई. प्रश्न सोपा होता: तुम्ही स्टेशनवर आहात, सोबत व्हीलचेअरवरचं माणूस आहे, लिफ्ट आहे का विचारा. टेलरिंगच्या दुकानात मशीनवर पाय मारता मारता काकांनी हा धडा इतका घोकला होता, की एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय डाव्या बाजूचे शिवले गेले. आणि आता तोंडातून शब्द फुटेना.

नापास होऊन चालणार नव्हतं. मुलगा नोकरीला होता तिथे फ्रेंचशिवाय पान हलत नसे. त्याला मुलगी झाली, ती रांगायला लागली, तरी काकूंनी नातीला अजून फोनमध्येच पाहिलं होतं. अपघातात काकूंचे पाय गेले ते गेलेच. मुलाला घ्यायला यायला रजा मिळणार नव्हती. तेव्हा काकांनीच घरात जाहीर केलं होतं, की मला तिथे लिफ्ट, उतार, रुंद दाराचं बाथरूम नीट विचारता आलं, तरच तिकिटं काढीन. मध्येच अडकलो तर तुला पाठुंगळीला घेऊन फिरू का? काकू फक्त नातीसाठी झबलं शिवायला सांगत राहिल्या. दर वेळी एक माप मोठं.

काकूंना घरी एकटं ठेवायला नको, म्हणून दर शनिवारी काका खुर्ची ढकलत त्यांनाही क्लासला आणायचे. जिना असा, की धडधाकट माणसानेही कठडा धरावा. मग काकूंची खुर्ची खालीच लागायची, झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीत, नेमकी वर्गाच्या खिडकीखाली.

बाईंची शिकवण्याची रीत ठरलेली. कुणी लिफ्ट आहे का विचारलं, की त्या गोड हसून म्हणायच्या, "वी मादाम, ब्यँ स्यूर, ओ फों आ द्रुआत." म्हणजे, हो बाई, आहे की, आत शेवटी, उजवीकडे. त्यांच्या पुस्तकात नाही म्हणणारं माणूसच नव्हतं. उतार विचारा, बाथरूम विचारा, सगळं आत शेवटी, उजवीकडे. अख्खा वर्ग ते मोठ्याने म्हणायचा. काका सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत चुकीचं.

बाईंनी पुन्हा धीर दिला. काकांनी घाम पुसला, गळ्यात तशीच राहिलेली माप घ्यायची टेप चाचपली आणि म्हणाले, "वी."

विचारायचा होता प्रश्न, आणि काका हो म्हणून मोकळे झाले. वर्गात खसखस पिकली. बाईंनी लाल पेन उचललं. काकांच्या डोळ्यांपुढे नात चालायला लागली, शाळेत गेली, आणि आजीला ओळखेनाशी झाली. त्यांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. खणखणीत, एकही अक्षर न गाळता.

"एस्किल्या अँनासांसर?"

लिफ्ट आहे का? काकांनी आवाज ओळखला. बायकोला त्यांनी फ्रेंचचं अक्षरही शिकवलं नव्हतं. तुला काय करायचंय, मी आहे ना, असं म्हणून ते गप्प बसवत आले होते.

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सवयीने, तितकंच गोड हसून उत्तर दिलं, "वी मादाम, ब्यँ स्यूर, ओ फों आ द्रुआत."

खालून काकू शांतपणे मराठीत म्हणाल्या,

"मग बाई, इतके महिने मला इथे खाली का बसवलंत?"