परसातली मोठी मोसंबी

नवऱ्याला मी रोज सकाळी वाटीभर गर सोलून द्यायची. वर्ध्याहून बदली होऊन सावंतवाडीच्या या क्वार्टरमध्ये आलो, तेव्हा परसातल्या झाडाला बाळाच्या डोक्याएवढी फळं लागली होती. असलं फळ आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मोसंबीचीच मोठी जात असेल, असं मी ठरवून टाकलं. जाड साल आणि कडू पापुद्रा काढला की आतली गुलाबी फोड गोड लागायची.

गेल्या आठवड्यात त्याचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी विचारलं, "पथ्य पाळताय ना?" पथ्याचा कागद फ्रिजलाच लावलाय, मी म्हटलं. तेव्हापासून मनात एकच होतं, मी त्याला दिलेली किडनीच कमजोर निघाली. त्या धास्तीने मी वाटीत दोन फोडी जास्त घालू लागले.

आज शेजारच्या गावडेकाकू पिशवी घेऊन आल्या. "गणपतीच्या माटवेक बांधूक दोन पपनसां व्हयी होती गो."

"माझ्याकडे कुठली पपनसं?"

त्यांनी झाडाकडे बोट दाखवलं.

कागदावर गोळ्यांच्या नावाखाली लाल शाईत ती ओळ होती. या गोळ्या चालू असताना पपनस अजिबात खाऊ नये. पहिल्यांदा वाचताना मला बरंच वाटलं होतं. जे कधी पाहिलं नाही, ते टाळायला कसले कष्ट.

मी धावत आत गेले आणि त्याच्या हातातली वाटी ओढून घेतली.

"काय झालं वं?" तो हसून म्हणाला. "दोनच तर राहिल्या."