आईचा फ्लाइट मोड

परदेशात उतरताच मुलानं फर्मान सोडलं, “सगळ्यांनी फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बिल फुगेल.” तो मोड कुठे असतो ते आईला ठाऊक नव्हतं, पण सुनेदेखत विचारायचं कसं? “टाकला,” म्हणून ती मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी चिटपाखरूही नसलेल्या किनाऱ्यावर तिघं खुर्च्यांवर पहुडली असताना आईची पर्स भोंग्यासारखी कोकलायला लागली. “आई, टाकला होतास ना?” मुलगा करवादला. तिनं पर्समधून फोन काढून पुढे केला. तो बंद करताना मुलानं त्यावरचा सरकारी इशारा वाचला. “उठा! मोठी लाट येतेय. सामान राहू दे, टेकडीवर चला.” वरून पाहिलं, तर खुर्च्या पाण्यावर तरंगत निघाल्या होत्या. मुलानं फोन आईच्या हाती दिला. “आता तरी शिकव रे तो मोड,” ती ओशाळून म्हणाली. “नको आई,” तो म्हणाला, “शिकूच नकोस.”